न्यायमूर्ती ओवेन आणि भूपाचे पाच स्वर

‘प ग रे, प ग रे, प ध सा ध सा, प ध सा ध सा.’ फळ्यावर एवढे लिहून मी परवा वर्गाला विचारले, राग कोणता? पहिल्या वर्षाच्या मुलीनेही पटकन उत्तर दिले, ‘भूप’. मी म्हणालो, बरोबर. पण हे स्वर मी कोणा गवयाच्या वहीतून उतरवलेले नाहीत, अमेरिकेतील एका न्यायाधीशाच्या निकालपत्रातून घेतले आहेत. वर्ग हसला. गोष्ट मात्र अगदी खरी आहे, आणि ती आपण गाणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींनी ऐकून ठेवावी अशी आहे.

त्या न्यायाधीशांचे नाव रिचर्ड ओवेन. जन्म 1922 चा, न्यूयॉर्कचा. दुसऱ्या महायुद्धात विमानदलात दिशादर्शकाचे काम केले, मग 1950 साली हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेतली, काही वर्षे सरकारी वकिली केली आणि 1973 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या दक्षिण विभागाच्या जिल्हा न्यायालयावर नेमले. जिल्हा न्यायालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कचेरीच्या आवारातील गर्दी उभी राहते. अमेरिकेत मात्र हे केंद्र सरकारचे न्यायालय असते. सबंध देशाला लागू असलेल्या कायद्यांखालचे खटले प्रथम तेथे चालतात, साक्षीपुरावा तेथे होतो आणि तेथील न्यायाधीशाची नेमणूक सिनेटच्या संमतीने तहहयात असते.

ओवेन यांचे वेगळेपण असे, की वकिलीच्या जोडीने त्यांनी संगीतरचनेचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि ते ऑपेरा लिहीत. त्यांचा ‘मेरी डायर’ हा ऑपेरा 1976 चा. आपली श्रद्धा सोडीना म्हणून 1660 साली बॉस्टनमध्ये फासावर चढवलेल्या क्वेकर पंथाच्या बाईची ती कथा. शिक्षा देण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने अन्यायाने शिक्षा भोगलेल्या बाईच्या तोंडी स्वर घालावेत, यातच त्या माणसाची ओळख पटते.

त्याच वर्षी त्यांच्यापुढे जॉर्ज हॅरिसनचा खटला उभा राहिला. बीटल्स मंडळीतील हा कलावंत, पंडित रविशंकरांपाशी सतार शिकलेला. 1970 साली त्याचे ‘माय स्वीट लॉर्ड’ हे गाणे जगभर गाजले. ख्रिस्ती ‘हालेलुया’ आणि आपला ‘हरे कृष्ण’ त्यात हातात हात घालून येतात. परंतु रोनाल्ड मॅक नावाच्या तरुण रचनाकाराचे ‘ही इज सो फाइन’ हे गाणे 1963 मध्ये अमेरिकेत अव्वल ठरले होते. मॅक त्याच वर्षी वारला. त्या गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडे होते, तिने 1971 मध्ये दावा लावला, की हॅरिसनने चाल उचलली.

1976 च्या फेब्रुवारीत सुनावणी झाली. ज्यूरी नव्हती, चाल ऐकायची, जोखायची आणि निर्णय द्यायचा, हे सारे ओवेन यांच्याकडेच होते. हॅरिसन गिटार घेऊन साक्षीला आला आणि चाल कशी सुचत गेली ते त्याने वाजवून सांगितले. ओवेन यांनी दोन्ही गाणी एखाद्या मास्तरासारखी उलगडली. मूळ गाण्यात ‘प ग रे’ हा तुकडा चार वेळा आणि त्यामागून ‘प ध सा ध सा’ चार वेळा. हॅरिसनकडे पहिला चार वेळा आणि दुसरा तीन वेळा. चौथ्याच्या जागी थोडा निराळा, सुरेख सांधा. मूळ गाण्यात दुसरा तुकडा घोळवताना एका जागी ‘प ध सा ध रे सा’ असा रिषभाचा कण लागतो. हॅरिसनच्या रचनेतही तो कण नेमका तेथेच! स्वर कोणाचेही असू शकतात. पण कणासकट तीच ठेवण, त्याच क्रमाने, त्याच जागी आली, की ऐकणाऱ्या कानाला उगम कळतो.

मग हा चोर ठरला काय? त्या निकालाची खरी मौज येथे आहे. हॅरिसनने जाणूनबुजून चाल उचलली असे आपल्याला वाटत नाही, असे ओवेन यांनी नमूद केले. 1963 च्या जूनमध्ये इंग्लंडातील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ‘ही इज सो फाइन’ बाराव्या क्रमांकावर होते आणि पहिल्या क्रमांकावर खुद्द बीटल्सचे गाणे. तेव्हा ते त्याच्या कानावरून गेले होते यात शंका नव्हती. पुढे सुरांशी खेळताना एक ठेवण त्याला आवडली. ती आवडण्याचे कारण हेच, की ती एकदा लोकांना भावली आहे हे त्याच्या अंतर्मनाला ठाऊक होते आणि जागे मन ते विसरले होते. पण कायद्याच्या दृष्टीने नकळत झालेली नक्कलही नक्कलच. असा निकाल त्यांनी ऑगस्ट 1976 च्या अखेरीस दिला, आणि 1983 मध्ये वरच्या न्यायालयानेही तो उचलून धरला.

हा निकाल प्रथम वाचला तेव्हा मी दचकलो. माझे वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यात अगदी शेवटच्या काळात, कोवळ्या वयात रुजू झालेले गवई. कारखाना गेला, वह्या राहिल्या. मी बिहागात मध्यलयीची एक बंदिश बांधली आणि ‘स्वरचित’ म्हणून सात-आठ वर्षे विद्यार्थ्यांना शिकवली. एका गुरुपौर्णिमेला ती मुलांकडून गाऊन घेतली तेव्हा वडील पुढच्याच रांगेत बसले होते. घरी येताना एवढेच म्हणाले, ‘उठाव चांगला आहे.’ ते गेल्यावर वह्या चाळताना तोच उठाव सापडला. नवव्या मात्रेपासून, तशीच मींड घेऊन समेवर येणारा. शब्द तेवढे निराळे, आणि खाली त्यांची सही. लहानपणी दारामागून कधीतरी ऐकला असेन. मला काहीही आठवत नव्हते. त्यांना मात्र आठवत होते.

‘रागातले तुकडे सगळ्यांचेच असतात’, असे म्हणून आपण सुटू पाहतो. ते खरे आहे, आणि ओवेन यांनीही मान्य केले होते, की दोन्ही तुकडे सुटे घेतले तर काही दुर्मिळ नाहीत. राग सर्वांचा, मुखडा मात्र कोणाचा तरी असतो. उलट बाजूही खोटी नाही. या प्रकरणानंतर हॅरिसनला नवे गाणे लिहिण्याचीच धास्ती बसली. जे कानात मुरलेले आहे त्यातूनच नवे फुटते. प्रत्येक सुराची झडती घ्यायची म्हटले तर गाता गळाच बसेल.

या धास्तीवर उतारा कोणता, तेही मला ओवेन यांच्या पुढच्या निकालात सापडते. हिशेबाची वेळ आली तेव्हा गाण्याची कमाई 21,33,316 डॉलर ठरली. त्यातली सर्वच उसन्या चालीची नव्हे, शब्दांचे आणि हॅरिसनच्या नावाचेही मोल आहे, म्हणून त्यांनी तीन-चतुर्थांश भाग चालीचा धरला. मधल्या काळात हॅरिसनच्याच जुन्या व्यवस्थापकाने, ॲलन क्लाइनने, तो दावा 5,87,000 डॉलरना विकत घेतला होता. आपल्याच अशिलाविरुद्ध असा व्यापार करून कोणी नफा कमावू नये, म्हणून 1981 मध्ये ओवेन यांनी ठरवले, की हॅरिसनने तेवढीच रक्कम व्याजासह द्यावी. दोष दोषच राहिला; पण तो किती, हे मोजले गेले.

याच माणसाने पुढे न्यूयॉर्कच्या माफिया टोळ्यांच्या म्होरक्यांचा खटला चालवला आणि जानेवारी 1987 मध्ये त्यांना शंभर-शंभर वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. त्याच वर्षी त्यांचा ‘ॲबिगेल ॲडम्स’ हा ऑपेराही आला. 2015 साली, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते वारले. शंभर वर्षांची शिक्षा आणि एका कणस्वराची जागा, दोन्ही त्यांनी सारख्याच बारकाईने पाहिल्या.

बिहागातली ती बंदिश मी अजून शिकवतो. बंद करावी असे वाटले नाही. फळ्यावर तिच्या डोक्यावर आता दोन नावे असतात, आधी वडिलांचे आणि मग माझे. मुले विचारतात, ‘सर, दोघांनी मिळून बांधली का?’ मी ‘हो’ म्हणतो. त्या उत्तरात कितपत सत्य आहे, हे ठरवायला मात्र न्यायमूर्ती ओवेनच हवे होते.