बाई, फेस काहून येत नाही?

रसायनशास्त्र म्हटलं की आठवी-नववीचा विषय अन् कुलूप लावलेली प्रयोगशाळा, हेच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण तिसरी-चौथीच्या पोरांनाही ते छान कळतं. त्यांना हाताने करू द्यायला हवं.

आपल्या वऱ्हाडात तर साहित्य घरातच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला अन् बुलढाणा जिल्ह्यांत पसरलाय. दर्यापूर, अकोटकडच्या मैत्रिणींना खारं पाणी काय ते सांगायला नको! चौथीच्या वर्गात मी दोन बाटल्या ठेवते. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकायचा, वीसदा हलवायचं अन् फेस बोटांनी मोजायचा. "बाई, यात फेस काहून येऊन नाही राह्यला?" हा प्रश्न ठरलेला. मग सांगते, पाण्यातले क्षार साबणाला फेस करू देत नाहीत, त्याचा पांढरा साका होतो.

नंतर दोन्ही पाणी स्टीलच्या ताटल्यांत उन्हात ठेवतो. पाणी उडून जातं, बोअरच्या ताटलीत पांढरा थर उरतो. तो पाहून एक मुलगी म्हणाली, "माय तं म्हणते, पाणी उकळलं का चांगलं होते. मंग हे कुठं जाते?" केवढा मोलाचा प्रश्न! उकळल्याने जंतू मरतात, म्हणून उकळणं सोडू नका. पण खारं पाणी उकळून गोडं होत नाही. पाणी आटतं, मीठ भांड्यातच राहतं. पिण्यासाठी गोड्या पाण्याची सोय वेगळीच बघावी लागते.

अशा शिकवण्याचे प्रयत्न जुने आहेत. सातपुड्यापलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतल्या मोठ्या वर्गांत प्रयोगांतून विज्ञान सुरू झालं, ते २००२ पर्यंत चाललं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या जयश्री रामदास यांनी तर तिसरी-चौथीच्या लहानग्यांसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकं लिहिली.

घरीही करून बघा. हळदीच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाका, लाल होईल. वरून लिंबू पिळा, पुन्हा पिवळं. मात्र संडासाचं अ‍ॅसिड अन् ब्लीचिंग पावडर मुलांच्या हाती नको. ती दोन्ही एकत्र तर कधीच करू नका, विषारी वायू निघतो. अन् पोरांनी "काहून?" विचारलं, तर "गप बस" म्हणू नका. म्हणा, "चल, करून बघू."