फाइलीचें कुलूप

कुलूप म्हटलें कीं डोळ्यांपुढें चोर उभा राहतो. आज ज्या कुलपाविषयीं मी बोलणार आहें, तें चोरासाठीं नव्हे. प्रामाणिकपणें काम करणाऱ्या दोघांनीं एकमेकांचें काम बिघडवूं नये, एवढ्यासाठींच तें आहे.

एक खातेवही घ्या. शिल्लक १,००० रुपये. दोन कारकुनांनीं ती एकाच क्षणीं वाचली. पहिल्यानें २०० मिळवून १,२०० लिहिले. दुसऱ्यानें ३०० मिळवून त्यावरच १,३०० लिहिले. बेरीज दोघांचीही बिनचूक. तरी २०० रुपये नाहींसे झाले! संगणकांतील डेटाबेसवर अनेक प्रोग्राम एकदम काम करतात, तेव्हां हाच धोका असतो. पहिल्याचें वाचन, बेरीज व लेखन पुरें होईतों दुसऱ्यानें थांबलें पाहिजे. त्याकरितां ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ व्यवस्था, फाइलीस कुलूप लावण्याची सोय देते.

वाचणाऱ्याचें कुलूप सामायिक असतें. तें अनेकांस एकत्र मिळतें. लिहिणाऱ्याचें मात्र एकट्याचें. आतां वाचकांची रीघ सुटलीच नाहीं, तर लिहिणाऱ्यानें काय करावें? २००० सालीं निघालेल्या व आज बहुतेक मोबाइल फोनांत असलेल्या एसक्यूलाइट डेटाबेसच्या मूळ पद्धतींत यावर तोड आहे. लिहिणारा प्रथम आपली जागा राखून ठेवतो. वेळ आली कीं नव्या वाचकांस दाराशीं थांबवितो. आंतले वाचक बाहेर पडले म्हणजे लिहितो.

परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विंडोजमध्यें हें कुलूप सक्तीचें असतें. युनिक्स व लिनक्समध्यें तें बहुधा नुसती सूचना असते. जो प्रोग्राम कुलूप आहे कीं नाहीं हें विचारीतच नाहीं, त्यास कोणी अडवीत नाहीं. शिवाय युनिक्सच्या जुन्या नियमांत एक विचित्र खोंच आहे. एकाच प्रोग्रामनें तीच फाइल दोनदां उघडून एकदां मिटली, कीं त्या फाइलीवरचीं त्याचीं सर्व कुलपें गळून पडतात! लिनक्सनें २०१४ सालीं निराळ्या जातीचें कुलूप देऊन ही उणीव दूर केली. पण जुना नियम अद्याप चालूच आहे.

नेटवर्कवरील सामायिक फोल्डरांत तर कुलपाचा निरोप कित्येकदां नीट पोहोंचतच नाहीं. तेव्हां घरचा किंवा दुकानाचा हिशेब अशा डेटाबेसमध्यें असल्यास ती फाइल सामायिक फोल्डरांत ठेवून अनेक यंत्रांवरून एकदम उघडूं नये. अशा कामासाठीं सर्वांच्या विनंत्या एकाच ठिकाणीं घेऊन क्रमानें लिहिणारा सर्व्हर असावा. हिशेब बिघडला, तर तो कोणत्या क्षणीं बिघडला हें मागाहून सांपडणें फार कठीण असतें.