टायरलाही वय असतं!

दोस्तांनो, घराला चाकं असतात का? लगेच 'नाही' म्हणून मोकळे होऊ नका. संगमनेरच्या मुलांना विचारा. ती म्हणतील, "असतात की! तमाशाच्या फडाला असतात."

संगमनेर हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, प्रवरा नदीकाठचं गाव. पुणे-नाशिक महामार्ग इथूनच जातो. शाहीर अनंत फंदी इथलेच. नामवंत तमाशा कलावंत कांताबाई सातारकर याही इथंच राहायच्या. २०२१ साली त्यांचं निधन झालं. तमाशाचा मोठा फड दौऱ्यावर निघतो, तेव्हा ट्रकमध्ये काय काय असतं ठाऊक आहे? तंबू, कनाती, ढोलकी, कपड्यांच्या पेट्या, जनरेटर, स्वयंपाकाची भांडी... आणि माणसं! आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. दसऱ्याच्या सुमारास निघालेला फड उन्हाळ्यातल्या जत्रा आटोपून पावसाळ्याआधी परततो. तोवर गाडी हेच घर!

परदेशात हौसेनं भटकणारी मंडळीही अशीच घरं वापरतात. त्यांना मोटरहोम म्हणतात. आपल्याकडे कॅरव्हॅन हा शब्द रुळलाय. गाडीतच झोपायला बिछाना, छोटासा ओटा, पाण्याची टाकी, शिवाय न्हाणीघरसुद्धा! २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून आपल्या रस्त्यांवरही अशा गाड्या अधूनमधून दिसू लागल्या आहेत.

फडाचा ट्रक आणि हौशी कॅरव्हॅन, दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही गाड्या बराच काळ नुसत्या उभ्या असतात. फडाची गाडी पावसाळाभर, तर कॅरव्हॅन शाळेच्या सुट्ट्या सोडून जवळजवळ वर्षभर.

तुम्ही म्हणाल, "मग बरंच की! गाडी उभी म्हणजे टायर झिजणार नाहीत." बरोबर. झिजणार नाहीत. पण ते म्हातारे होतील!

रबराचं म्हातारपण

घरातला एखादा जुना रबरबँड शोधा. औषधाच्या डब्यात किंवा पत्र्यांच्या गठ्ठ्याला बांधलेला सापडेल. ताणून बघा. कट्टकन तुटला ना? वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता, तरी तो तुटला. वापरून नव्हे, वयानं!

१८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला एक शोध लागला. रबरात गंधक मिसळून ते तापवलं, की ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत कडक होत नाही. गंधक रबराच्या लांबलचक साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतं. पुढं त्यात काजळी मिसळू लागले. काजळीमुळं टायर काळा होतो आणि मजबूतही.

पण हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन हे वायू या साखळ्यांच्या मागं लागलेले असतात. ऊन त्यांना मदत करतं. हळूहळू साखळ्या तुटतात, रबर कडक होतं, टायरच्या बाजूला बारीक भेगा पडतात. हिवाळ्यात आपल्या टाचा फुटतात ना, तशा!

यावर उपाय म्हणून टायर बनवतानाच रबरात एक खास मेण घालतात. गाडी धावते तेव्हा टायर सारखा दबतो आणि फुगतो. त्यामुळं हे मेण आतून बाहेर येत राहतं आणि टायरवर पातळ साय धरतं. पण गाडी उभीच राहिली तर? मेण आतल्या आत राहतं आणि टायर उघडा पडतो. म्हणजे रोज राबणाऱ्या एसटीचा टायर झिजून जातो, तर आराम करणाऱ्या कॅरव्हॅनचा टायर बसल्या जागी म्हातारा होतो. गंमत अशी, की एसटीचा टायर गोटा झाला की कुणालाही दिसतो. कॅरव्हॅनच्या टायरची नक्षी मात्र अगदी कोरी करकरीत दिसते. फसवणूक इथंच होते.

नक्षी शाबूत, तरीही...

ही फसवणूक किती महाग पडू शकते ते ऐका. १० सप्टेंबर २०१२. इंग्लंडमधला एक संगीत महोत्सव आटोपून तरुण मुलामुलींची बस लिव्हरपूलकडं निघाली होती. हाइंडहेड गावाजवळ तिचा पुढचा टायर फुटला. बस रस्ता सोडून झाडावर आदळली. तिघांचा जीव गेला. त्यात १८ वर्षांचा मायकेल मोलॉय होता.

तपास झाला. टायरची नक्षी नियमात बसत होती. पण टायरचं वय होतं तब्बल १९ वर्षांपेक्षा जास्त. मायकेलपेक्षाही थोरला!

मायकेलच्या आईनं, फ्रान्सेस मोलॉय यांनी, मग ध्यासच घेतला. जुन्या टायरवर बंदी हवी, म्हणून त्या वर्षानुवर्षं झगडल्या. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये नियम आला. ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुना टायर चालणार नाही! एका आईच्या चिकाटीनं हे घडलं.

पुढच्या चाकांचाच नियम का? पुढची चाकं गाडीला दिशा देतात. मागं जोडचाकं असली तर एक फुटल्यावर दुसरं थोडा वेळ भार घेतं. पुढं तशी सोय नाही. पुढचा टायर फुटला की गाडी त्या बाजूला ओढली जाते. आता आपल्या चंदनापुरी घाटात अशी गाडी आहे असं मनात आणा. आजी, आत्या, लहान भावंडं आत बसलेली. टायर फक्त दिसायला नवा असून भागेल का?

टायरची जन्मतारीख

बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, औषधाच्या बाटलीवर असते. तशी टायरवरही असते. कागदावर नाही, रबरातच उमटवलेली! म्हणून ती पुसता येत नाही.

टायरच्या बाजूला इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची एक ओळ असते. बहुतेक वेळा तिची सुरुवात डीओटी या अक्षरांनी होते. त्या ओळीच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा. पुढचे दोन म्हणजे वर्ष. समजा, १४२४ असं लिहिलंय. म्हणजे २०२४ सालचा चौदावा आठवडा. टायर एप्रिलच्या सुरुवातीला जन्मला. आता तुम्ही सांगा, ५११९ म्हणजे कधी? शाबास! २०१९ चा डिसेंबर.

कधी कधी टायरच्या एका बाजूला ही ओळ अर्धवट असते, चार आकडे नसतातच. तेव्हा वाकून दुसरी बाजू बघायची. आणि चारऐवजी तीनच आकडे दिसले तर? तो टायर २००० सालाआधीचा. त्याला लांबूनच नमस्कार करायचा!

दुकानात काय विचारायचं?

समजा, सोनालीच्या आत्याची कॅरव्हॅन आहे. २०२५ च्या दिवाळीत तिला टायर बदलायचेत. पुढं दोन, मागं जोडचाकं म्हणजे चार, आणि एक स्टेपनी. एकूण सात. आत्या आणि सोनाली महामार्गालगतच्या दुकानात गेल्या.

"या मापाचे सात टायर हवेत, दादा."

"आहेत ना ताई. एकदम नवे! वरचा कागदसुद्धा काढलेला नाही."

सोनाली वाकली, टॉर्च मारला. "काका, यावर ३८२२ आहे. म्हणजे २०२२ चा सप्टेंबर. तीन वर्षं झाली की!"

दुकानदार हसला. "हुशार आहेस गं! त्याचं काय आहे, हे माप फारसं खपत नाही. उसाच्या गाड्या, दुधाचे टँकर यांचे टायर आज येतात नि उद्या जातात. हे पडून राहतं."

दोस्तांनो, खरी गोम इथं आहे. संगमनेरच्या एका अंगाला, नाशिकच्या सातपूरला सिएटचा टायर कारखाना. दुसऱ्या अंगाला, चाकणला ब्रिजस्टोनचा. दोन्ही याच पुणे-नाशिक वाटेवरचे. पण कारखाना जवळ म्हणून टायर ताजा, असं नसतं. प्रत्येक कारखाना प्रत्येक मापाचा टायर बनवत नाही. आणि टायरचं वय रस्त्यावर वाढत नाही, गोदामात वाढतं. जे माप भराभर खपतं ते ताजं. जे क्वचित खपतं ते शिळं. मंडईतल्या भाजीसारखंच! म्हणून कॅरव्हॅन घेतानाच बघावं, तिचं टायरचं माप नेहमीच्या टेम्पोचं किंवा मिनीबसचं आहे का. तसं असलं तर गावोगावी ताजा टायर मिळतो.

मग आत्यानं काय केलं? ती भांडली नाही. तिनं विचारलं, "कंपनीकडून ताजे मागवाल का? आठवडाभर थांबेन."

"मागवतो की. थोडा ॲडव्हान्स द्या."

"देते. पण सातही टायर सहा महिन्यांच्या आतले हवेत. आणि बिलावर सगळ्यांचे आकडे लिहून द्यायचे."

याला म्हणतात गिऱ्हाईक! दुकानदारही खूश, आत्याही खूश. सावलीत नीट ठेवलेला आठ-दहा महिन्यांचा टायर काही वाईट नसतो बरं का. पण हिशेब करा. मिशेलिनसारख्या कंपन्या सांगतात, की पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराला दाखवा आणि दहा झाली की नक्षी कितीही छान असली तरी काढून टाका. कॅरव्हॅनचा टायर झिजून नाही, वयानंच निवृत्त होणार. मग त्याची तीन वर्षं गोदामातच गेली, तर पैसे पूर्ण वयाचे मोजायचे आणि वापरायची उरलेली वर्षं! हा सौदा कसला?

आत्यानं आणखी दोन गोष्टी पाहिल्या. एक, टायरवर आयएसआयची खूण आहे ना. दुसरी, भाराचा आकडा. मापाच्या पुढं छोटा आकडा असतो. १०० असेल तर एक टायर ८०० किलो भार पेलतो. कॅरव्हॅनमध्ये १०० लिटर पाणी भरलं की १०० किलो वजन वाढलंच. म्हणून आकडा मूळच्या टायरपेक्षा कमी घ्यायचा नाही. आणि रिमोल्डचा टायर पुढं लावायचा नाही. त्याची नक्षी नवी असते, पण आतला सांगाडा जुनाच.

आणि स्टेपनी?

वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे. १९०४ साली तिथल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर जादा चाकं विकणारी कंपनी निघाली. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं आणि चाकाबरोबर आपल्या संगमनेरपर्यंत आलं! पण ही स्टेपनी लबाड असते हं. वर्षानुवर्षं गाडीखाली लटकते, कधी वापरली जात नाही, म्हणून नवी वाटते. वय मात्र तिचंही वाढतंच. अडचणीच्या वेळी तीच दगा देते. म्हणून तिचेही चार आकडे वाचायचे.

उभ्या गाडीची काळजी

गाडी सावलीत ठेवा. सावली नसेल तर टायरवर जाड कापड टाका. महिन्यातून एकदा गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे मेण बाहेर येईल आणि टायर एकाच जागी दबून चपटा होणार नाही. हवा टायर थंड असतानाच तपासा. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, दबला की तापतो आणि तापला की फुटतो. याच जिल्ह्यातल्या कोपरगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. तिथं २०२३ साली परिवहन विभागानं गाड्यांचे टायर तपासून खराब टायरच्या गाड्या अडवायची मोहीम काढली होती. मैलोन्‌मैल न थांबता वेगानं धावताना टायर किती तापत असेल, विचार करा!

आता तुमचं काम. या रविवारी एक वही आणि टॉर्च घ्या. गाडी बंद आणि उभी असताना मोठ्या माणसाला बरोबर घेऊन घरच्या गाडीचे, शाळेच्या रिक्षेचे, काकांच्या टेम्पोचे टायर तपासा. प्रत्येकाचे चार आकडे लिहा, वय काढा. स्टेपनी विसरू नका! दहा वर्षांच्या पुढचा कुणी 'आजोबा' सापडला, तर वडीलमंडळींना न घाबरता सांगा. ती आधी हसतील. मग वाकून स्वतः बघतील.