एक लॉगिन, अनेक दारे



गेल्या अंकातील खर्चाच्या तपशिलात ‘संगणक व्यवस्था’ अशी एक ओळ होती. ती वाचून सांगलीकडील एका मंडळीच्या वडिलांनी मला विचारले, “हे पैसे वस्तीवरच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांना का नाही गेले?” प्रश्न रास्त आहे. आपल्या देणगीचा पै न पै कुठे जातो हे विचारण्याचा आपला हक्कच आहे. म्हणून या वेळी सविस्तर सांगतो.

आपल्या सातारा आणि सांगली येथील कार्यकर्त्यांना रोज दोन ठिकाणी लॉगिन करावे लागत असे. पहिले कर्मचारी पोर्टल. तिथे हजेरी, रजा आणि प्रवासभत्त्याची बिले. दुसरे हिशोबाचे आणि नोंदींचे सॉफ्टवेअर. तिथे देणगीच्या पावत्या, खर्च आणि कुटुंबांची माहिती. दोन ठिकाणे, दोन पासवर्ड. कोणी ते डायरीत लिहीत, कोणी मोबाइलच्या कव्हरमागे चिठ्ठी ठेवीत. कोणी सगळीकडे आपल्या मुलाचे नाव आणि जन्मसालच टाकीत.

मग एक प्रसंग घडला. एक कार्यकर्ता नोकरी सोडून गेला. त्याचे पोर्टलवरील खाते त्याच दिवशी बंद झाले, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमधले बंद करायचे राहून गेले. पाच महिन्यांनी ऑडिटच्या वेळी ते लक्षात आले. त्या भावाने काही गैर केले नव्हते. चूक आमची होती. पण त्या खात्यातून कातकरी आणि पारधी कुटुंबांचे जातीचे दाखले, बँक खात्यांचे क्रमांक आणि आधारच्या प्रती कोणालाही दिसल्या असत्या. ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सरकारी कागदांची धास्ती घेतली, त्यांनी विश्वासाने आपले कागद आमच्या हाती दिले होते. ती ठेव पाच महिने उघड्या दाराआड होती.

यावरचा उपाय म्हणजे ‘सिंगल साइन-ऑन’. एकदाच ओळख पटवायची आणि त्याच ओळखीवर दुसऱ्या दारातूनही आत जायचे. हे कसे चालते ते आपल्याच रीतीतून समजून घेऊ. एखादे कुटुंब साताऱ्याहून मिरजेला राहायला गेले, तर जुन्या मंडळीच्या पाळकांचा दाखला सोबत नेते. नवी मंडळी त्यांची पहिल्यापासून चौकशी करीत बसत नाही. पाळकांची सही आणि शिक्का ओळखीचा असतो, दाखल्यावर तारीख असते आणि तो कोणत्या मंडळीसाठी आहे तेही लिहिलेले असते.

संगणकातही तसेच होते. कार्यकर्ता हिशोबाचे सॉफ्टवेअर उघडतो. ते सॉफ्टवेअर पासवर्ड न विचारता त्याला पोर्टलकडे पाठवते. पोर्टल पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड तपासते आणि डिजिटल सहीचा एक दाखला देते. हा दाखला थोडाच वेळ चालतो. सॉफ्टवेअर सही पडताळते आणि दार उघडते. यात महत्त्वाची गोष्ट ही, की पासवर्ड दुसऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत जातच नाही. दाखला कसा लिहायचा याचे जगभर मान्य झालेले नमुने आहेत. ‘सॅमल’ची सध्या वापरात असलेली दुसरी आवृत्ती 2005 सालची, तर ‘ओपनआयडी कनेक्ट’ 2014 सालचे.

सरकारही हीच पद्धत वापरते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘परिचय’ ही व्यवस्था केली आहे. नागरिकांसाठी जुलै 2022 मध्ये ‘मेरी पहचान’ सुरू झाली. डिजिलॉकर, ई-प्रमाण किंवा जन परिचय यांपैकी एका खात्यावरून अनेक सरकारी सेवांमध्ये जाता येते.

लहान संस्थेला हे परवडते का? परवडते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे. पात्र धर्मादाय संस्थांना गूगल वर्कस्पेस विनामूल्य मिळते. या दोघांची जोडणी करायची तर कामे अशी:

पहिले, प्रत्येक कार्यकर्त्याला संस्थेचा स्वतंत्र ईमेल द्यावा. पाच जणांत एक ईमेल असेल, तर कोण आत आले ते कधीच कळणार नाही.

दुसरे, ओळख देणाऱ्या बाजूला, म्हणजे गूगलकडे, आपल्या सॉफ्टवेअरची नोंद करावी. तिथून एक ओळख क्रमांक आणि एक गुप्त शब्द मिळतो. ते दोन्ही ईआरपीनेक्स्टच्या ‘सोशल लॉगिन की’ या पानावर भरावेत. परतीचा पत्ता दोन्हीकडे अक्षरशः एकच हवा. एक तिरपी रेघ चुकली तरी जोडणी होत नाही.

तिसरे, दोन्हीकडचे ईमेल जुळवून पाहावेत आणि कोणीही स्वतःहून नवे खाते उघडू शकेल अशी सोय बंद करावी.

चौथे, अधिकार वेगळे ठरवावेत. ओळख पटणे निराळे आणि अधिकार मिळणे निराळे. वाहनचालकाला रजेचा अर्ज भरता यावा, पण कुटुंबांचे आधार पाहण्याचे त्याला कारण नाही.

पाचवे, मुख्य व्यवस्थापकाचे एक वेगळे खाते राखून त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा. ओळख देणारी व्यवस्थाच बंद पडली, तर सगळेच बाहेर राहायला नकोत.

यात धोकाही आहे. किल्ली एकच असेल, तर ती हरवल्यावर सगळीच दारे उघडी पडतात. म्हणून पासवर्डसोबत दुसरा पुरावा सक्तीचा हवा. डोंगरातल्या वस्तीवर एसएमएस वेळेवर येत नाही. पण ऑथेंटिकेटर ॲप रेंज नसतानाही कोड दाखवते. शिवाय काही राखीव कोड कागदावर लिहून ठेवता येतात. आणखी एक खबरदारी. कार्यकर्ता संस्था सोडतो तेव्हा मुख्य खाते बंद केले की नवे लॉगिन थांबते, पण आधीच उघडलेले सत्र काही काळ चालू राहू शकते. तेही हाताने बंद करावे लागते.

कायद्यानेही ही जबाबदारी आता घातली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण आम्हाला दंडापेक्षा वस्तीवरच्या माणसांच्या विश्वासाची काळजी जास्त आहे.

कारण हाच धडा त्या कुटुंबांनाही लागू पडतो. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की रेशनकार्ड, पुष्कळदा खाते उघडताना फॉर्म भरून देणाऱ्याचाच मोबाइल नंबर टाकला जातो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो आणि स्वतःचा कागद पाहायलाही त्याच्या दारात उभे राहावे लागते. एका लॉगिनवर अनेक सेवा मिळू लागल्या, तसा हा परावलंबीपणा वाढेल. म्हणून आम्ही नियम केला आहे की खाते त्या कुटुंबाच्या स्वतःच्या नंबरवरच उघडायचे, कार्यकर्त्याच्या नंबरवर कधीच नाही. घरात फोन नसेल, तर घाई करायची नाही. कागद त्यांच्या हातात ठेवायचे आणि फोनची सोय होईपर्यंत सोबत जाऊन काम करून द्यायचे.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. वह्या-पुस्तकांचे पैसे वह्या-पुस्तकांनाच गेले. संगणकाच्या ओळीतला खर्च त्या मुलांची नावे, दाखले आणि खाते क्रमांक राखण्यासाठी झाला. कोणी काम सोडले, तर त्याच दिवशी एका ठिकाणी खाते बंद करतो, उघडी सत्रे संपवतो आणि दोन माणसे तपासून सही करतात.

आपल्या मंडळीत संगणकाचे काम जाणणारे तरुण-तरुणी असतील, तर महिन्यातून एक शनिवार आम्हाला द्यावा. कार्यकर्त्यांना हे शिकवायला माणसे हवी आहेत. आणि खर्चाच्या तपशिलात न समजणारी ओळ दिसली, तर असेच विचारत राहा.

आपला,
सेवेतील एक सहकारी