साहेबी नसलेल्या देशातील साहेब

पुण्याच्या आसपासची कारखानदारी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना स्वीडिश नावे मुळीच परकी नाहीत. अल्फा लावल, सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, एसकेएफ या कंपन्यांच्या पाट्या वाचत येथील पिढ्या मोठ्या झाल्या. अंबरनाथच्या विम्कोच्या काड्यापेट्या तर स्वातंत्र्यापूर्वीपासून आपल्या स्वयंपाकघरांत होत्या. तिकडून यंत्रे आली, तंत्र आले. त्याच वाटेने आता येथील अभियंते आणि व्यवस्थापक स्टॉकहोम-गोथेनबर्गला अधिकारपदांवर जातात. त्यांच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु काम चोख असूनही सहकाऱ्यांत लौकिक उभा राहत नाही, आणि तो का राहत नाही याचाही उलगडा होत नाही, अशी अवस्था ओढवण्याचा संभव तेथे बराच असतो.

याचे कारण लौकिकाची कसोटीच तेथे निराळी आहे. आपल्याकडे ‘साहेब चहा घेणार का?’ असे खुद्द साहेबांनाच तृतीयपुरुषात विचारण्याची रीत आहे. गंमत अशी की, स्वीडिश भाषेतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेमकी हीच रीत होती. समोरच्या माणसाला त्याच्या हुद्द्याने, तृतीयपुरुषात संबोधण्यात येई. साठीच्या दशकात ती झपाट्याने लयाला गेली. १९६७ साली तेथील वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख ब्रोर रेक्सेड यांनी आपण कार्यालयातील सर्वांना ‘दू’, म्हणजे ‘तू’, म्हणणार असे जाहीर केले. ती घटना या बदलाची खूण मानली जाते. आज यंत्रावरचा कामगार कंपनीच्या प्रमुखाला एकेरीत, पहिल्या नावाने हाक मारतो आणि त्यात कोणालाही उद्धटपणा दिसत नाही. हुद्दा, पदवी, मोठी केबिन ही जी आयती शिदोरी आपला अधिकारी बरोबर घेऊन जातो, ती तेथे पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरते.

मग प्रतिष्ठा मिळते ती कशाने? मुख्यतः निर्णय घेण्याच्या पद्धतीने. एखादा प्रस्ताव बैठकीत मांडण्याआधी तो संबंधितांच्या गळी हळूहळू उतरवणे, त्यांच्या शंका ऐकून प्रस्तावालाच मुरड घालणे, यासाठी स्वीडिश भाषेत ‘नांगर टाकणे’ या अर्थाचा शब्द रूढ आहे. नांगर न टाकलेला निर्णय कितीही हुशारीचा असला तरी तो वाहून जातो. ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. १९३८ च्या साल्टशोबाडेन करारापासून मालक आणि कामगार संघटना यांच्यात वाटाघाटीची जी परंपरा घडत गेली, तिला १९७७ पासून अमलात आलेल्या सहनिर्णय कायद्याने वैधानिक बळ दिले. महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी व्यवस्थापनाने आपण होऊन संघटनेशी बोलणी केलीच पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. अंतिम अधिकार व्यवस्थापनाचाच राहतो. पण विचारपूस आधी, हुकूम नंतर, हा क्रम मोडता येत नाही.

हा क्रम मोडल्यास काय होते, हे पेर गिलेनहामर यांच्या उदाहरणावरून दिसते. १९७१ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ते व्होल्वोचे प्रमुख झाले. साखळी-पट्ट्यावरचे कंटाळवाणे काम मोडून कामगारांच्या गटांकडे जुळणी सोपवणारा काल्मारचा कारखाना १९७४ साली त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. एवढा लोकमान्य उद्योगधुरीण देशात दुसरा क्वचितच असेल. परंतु १९९३ साली फ्रान्सच्या रेनॉशी व्होल्वोचे विलीनीकरण त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकले, तेव्हा भागधारक बिथरले आणि कंपनीतील ज्येष्ठ व्यवस्थापकही उघडपणे विरोधात गेले. डिसेंबरच्या आरंभी योजना बारगळली आणि गिलेनहामर यांना पद सोडावे लागले. विलीनीकरण योग्य होते की अयोग्य, हा वाद अर्थतज्ज्ञांनी घालावा. घरच्या माणसांना बरोबर न घेता पुढे गेलेल्या नेत्याची बावीस वर्षांची पुण्याई एका हंगामात आटली, एवढे मात्र निर्विवाद आहे.

दुसरी कसोटी पैशाची. स्वीडनमध्ये १७६६ पासून सरकारी कागदपत्रे जनतेला खुली आहेत आणि कोणाचे करपात्र उत्पन्न किती, हे शेजारीही विचारून घेऊ शकतो. श्रीमंतीचा तेथे द्वेष नाही. तिच्या प्रदर्शनाचा आहे. आयकियाचे संस्थापक इंग्वार काम्प्राद विमानाच्या स्वस्त वर्गातून प्रवास करीत, याचे कौतुक त्यांच्या संपत्तीपेक्षा अधिक झाले. (त्या काटकसरीत जाहिरातीचा अंश नव्हता, असे मानण्याइतके आपण भाबडे नसावे.) उलट एबीबीला जागतिक कीर्ती मिळवून देणारे पर्सी बार्नेविक पाहा. त्यांना सुमारे १४.८ कोटी स्विस फ्रँक निवृत्तिवेतनापोटी मिळाल्याचे २००२ साली, कंपनी तोट्यात असताना, उघड झाले. त्यांतील ९ कोटी परत करण्याचे त्यांनी मान्य केले. न्यायालयात कोणताही गुन्हा शाबीत झाला नाही. पण लोकांच्या मनातील जागा गेली ती गेलीच.

असे असले तरी हे सारे आदर्श आहे, असा सूर लावणे बरे नव्हे. ‘सर्वांना विचारून’ या पद्धतीत दिरंगाई होते आणि जबाबदारी कोणाची, हे धूसर राहते. शिवाय नकार स्पष्ट शब्दांत येत नाही. ‘हे मनोरंजक आहे, विचार करू’ एवढेच उद्गार ऐकून आपला अधिकारी प्रस्ताव मंजूर झाला असे समजतो आणि महिनाभर वाट पाहतो. पायऱ्या दिसत नाहीत म्हणून त्या नाहीतच असे नव्हे. कोणाचा शब्द वजनदार, हे जुन्या मंडळींना ठाऊक असते, नवख्याला नसते. आपल्या अधिकाऱ्याची आणखी एक समजूत तेथे आड येते. रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसणे ही निष्ठेची खूण आहे, असे त्याला शिकवलेले असते. तेथे तो वेळेच्या नियोजनाचा अभाव ठरतो. १९७४ पासून बापालाही पालकत्वाची पगारी रजा मिळते आणि जो साहेब ती स्वतः घेतो त्याचे हाताखालच्यांत नाव होते. जो हाताखालच्याची रजा कपाळाला आठ्या घालून मंजूर करतो, त्याचेही होते, पण निराळ्या अर्थाने.

सर्वांत अवघड उंबरठा भाषेचा आहे. मोठ्या कंपन्यांच्या बैठका इंग्रजीत चालतात, त्यामुळे स्वीडिश न शिकताही दिवस निभतात. परंतु नांगर पडतो तो बैठकीत नव्हे, सकाळच्या आणि दुपारच्या कॉफीच्या टेबलावर. आणि तेथे चौघे स्वीडिश बसले की बोलणे आपोआप त्यांच्या भाषेत वळते. पाचवा माणूस पाहुणा होऊन बसतो. आपल्या कंपन्या परदेशी जाणाऱ्यांना व्हिसा, विमा आणि घरभाडे यांची तजवीज करून पाठवतात. निघण्यापूर्वी सहा महिने स्वीडिशची शिकवणी हीसुद्धा त्याच तजविजीचा भाग म्हणून त्यांनी धरायला हवी आणि तिचा खर्चही कंपनीनेच सोसायला हवा.