वासावरून झाडांचं नातं ठरतं का?

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. दोन झाडं जवळच्या नात्यातली आहेत की नाहीत, हे त्यांच्या सुगंधी तेलावरून ठरवता येईल का? सुगंधी तेल म्हणजे पान, साल किंवा बी यांतून वाफ सोडली की वाफेबरोबर जे बाहेर येतं ते. तिळाच्या तेलासारखा त्याचा कागदावर कायमचा डाग पडत नाही. ते उडून जातं.

पहिली अडचण आपल्या घरातच आहे. लवंगेचा वास येतो तो युजेनॉलमुळे. तेच युजेनॉल दारातल्या बऱ्याच तुळशींमध्येही असतं. पण तुळस पुदिन्याच्या कुळातली आणि लवंग जांभळाच्या. उलट नीलगिरी जांभळाच्याच कुळातली, म्हणजे लवंगेची भाऊबंद. तरी तिच्या तेलातलं मुख्य द्रव्य, सिनिओल, भरपूर सापडतं ते वेलदोड्यात. आणि वेलदोडा तर आल्याच्या कुळातला! तेव्हा कुळं ओळखायला नुसता वास कामाचा नाही, हे उघड आहे. पण एकाच वंशातल्या, दिसायला सारख्या जाती वेगळ्या काढायच्या असतील तर?

नीलगिरीचंच उदाहरण घेऊ. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. तिथे त्याच्या शेकडो जाती आहेत आणि नुसत्या पानाफुलांवरून त्या ओळखताना तज्ज्ञांचीही दमछाक होते. सिडनीच्या टेक्नॉलॉजिकल म्युझियममधले रिचर्ड बेकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि हेन्री स्मिथ हे रसायनतज्ज्ञ. या दोघांनी 1902 मध्ये नीलगिरीच्या तेलांवर मोठा ग्रंथ काढला. जातीमागून जात घेऊन त्यांनी पानांचं तेल काढलं, त्याची घनता मोजली, त्यात सिनिओल किती तेही नोंदवलं. त्यांचं म्हणणं असं, की जातीचं तेल ठरलेलं असतं. इतकंच नाही, तर पानाच्या शिरांची ठेवण बघून तेलाचा अंदाज बांधता येतो. ही कल्पना मोहात पाडणारी होती, आणि पुष्कळ जातींना ती लागूही पडत होती.

मग 1927 साली आर्थर पेनफोल्ड आणि मॉरिसन यांनी युकॅलिप्टस डाइव्हज या जातीची बरीच झाडं तपासली. दिसायला सगळी एकसारखी. पण काहींच्या तेलात जवळपास निम्मं पाइपरिटोन, म्हणजे पेपरमिंटसारखा वास. काहींत फेलँड्रिन जास्त. तर काहींत सिनिओल. आता या काय वेगवेगळ्या जाती मानायच्या? त्यांनी तसं केलं नाही. एकाच जातीत तेलाचे वेगवेगळे प्रकार असू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. आज आपण त्यांना रासायनिक प्रकार म्हणतो.

हा वाद फक्त पुस्तकातला नव्हता. पाइपरिटोनपासून मेंथॉल आणि थायमॉल बनवत. औषधी नीलगिरी तेलात मात्र सिनिओल किमान 70 टक्के लागतं. जातीचं नाव बरोबर असूनही चुकीच्या प्रकारची पानं भट्टीत गेली, तर माल वाया.

असं का होतं? पायनीन, सिनिओल, फेलँड्रिन ही सगळी द्रव्यं पेशीत एकाच दहा कार्बनी कच्च्या मालापासून बनतात. शेवटच्या पायरीवर कोणतं विकर, म्हणजे एन्झाइम, काम करतं त्यावर काय तयार होणार ते ठरतं. विकराचे मोजके घटक बदलले तरी द्रव्य बदलतं. म्हणजे एखाद्या जनुकातला छोटासा फरक सबंध झाडाचा वास पालटू शकतो. इतक्या सहज बदलणाऱ्या खुणेवर नवी जात उभी करणं धोक्याचं.

पण याची दुसरी बाजूही बघू. कॅलिफोर्नियात पॉन्डेरोसा आणि जेफ्री नावाचे दोन पाइन आहेत. ते इतके सारखे दिसतात, की जेफ्रीला कित्येकांनी पॉन्डेरोसाचाच उपप्रकार मानलं होतं. पॉन्डेरोसाच्या राळेतून निघणारं टर्पेंटाइन टर्पिनांचं असतं. जेफ्रीचं मात्र जवळजवळ निव्वळ हेप्टेन! पायनीन 156 अंशांच्या आसपास उकळतं, हेप्टेन 98 अंशांना, आणि ते पेट्रोलसारखं भडकतं. पॉन्डेरोसा समजून जेफ्रीची राळ भट्टीवर चढवणाऱ्याच्या जिवाशीच गाठ.

इथला फरक शेवटच्या पायरीवरचा नाही. हेप्टेन हे टर्पिनच नव्हे. ते पेशीत वेगळ्याच वाटेने बनतं. निकोलस मिरोव्ह यांनी जगभरच्या पाइनांची टर्पेंटाइनं तपासली, तेव्हा जेफ्रीचं रसायन कूल्टर आणि सॅबाइन या पाइनांशी जुळलं. त्या दोघांतही हेप्टेन आहे. विशेष म्हणजे, जेफ्रीचा कूल्टरशी निसर्गात संकर होतो, पॉन्डेरोसाशी क्वचितच. दोन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात, म्हणून या साक्षीला वजन आहे.

आता आपल्याला निकष सांगता येईल. तेलात कोणतं द्रव्य किती टक्के आहे, यापेक्षा ते कोणत्या वाटेने बनलं हे आधी विचारायचं. वाट वेगळी असेल तर फरक खोल असण्याची शक्यता जास्त. दुसरं, एका झाडाच्या तेलावर निकाल द्यायचा नाही. वेगवेगळ्या ठिकाणची बरीच झाडं घ्यायची, पानांचं वय आणि हंगाम सारखा ठेवायचा. कारण कोवळ्या आणि जून पानांचं तेलही सारखं नसतं. आणि तिसरं, तेलाचा पुरावा फूल, फळ, संकर आणि डीएनए यांच्या पुराव्याशेजारी ठेवून बघायचा.

रसायन हा चांगला साक्षीदार आहे. पण एकट्या साक्षीदाराच्या जबानीवर, उलटतपासणी न करता, कुणाचंही कूळ ठरवू नये.