दोन महिने आणि दोन वर्षे

१९६३च्या जुलैत औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि तिच्या पोटात टॉवेल राहिला. काही दिवसांतच ती गेली. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १९८१मध्ये झाला. कुटुंबाने सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते नाकारले आणि सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी पुन्हा मान्य केले. ‘अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे निकालपत्र वाचताना मला वाटले, ३३ वर्षांनी का होईना, यांना न्याय मिळाला. पण जे मुदतीत कोर्टाची पायरीच गाठत नाहीत, त्यांचे काय?

न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक रुग्णालयाला ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०मध्ये नोटिशीला वेगळी मुदत नाही. मात्र ती शासनाच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना दिल्यावर दोन महिने थांबूनच एरवी दावा लावता येतो. हे दोन महिने मुदतीत धरले जात नाहीत. पण मुदत उलटल्यावर दिलेली नोटीस ती मुदत परत आणत नाही. १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली मृत्यूच्या भरपाईला मृत्यूपासून दोनच वर्षे मिळतात. शिवाय मुदत कायद्याचे कलम ५ अपील आणि अर्जांपुरते आहे. दाव्याला झालेला उशीर त्याखाली माफ होत नाही.

ग्राहक आयोगातही मुदत दोन वर्षांचीच, पण पुरेसे कारण दाखवल्यास तिथे उशीर माफ होऊ शकतो. अडचण अशी, की सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या शांता निकालानुसार जिथे सर्वांनाच उपचार मोफत, ते रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर. केस पेपरच्या नाममात्र शुल्काने फरक पडत नाही. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय गरिबाच्या सोयीचाच. पण माझ्या वाचनाप्रमाणे, उशीर माफ करणारे दार त्याच्यासाठी त्यामुळे अधिक अरुंद झाले.

जन्मताना इजा झालेल्या बाळाला सवलत आहे: त्याची मुदत ते सज्ञान झाल्यावर सुरू होते. पण तोवर पुरावा टिकायला हवा. २००२च्या वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे जपायचे आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणून दुखवट्याच्या घरी मी एवढेच सांगतो: तेरावा झाला, की आधी कागदांसाठी अर्ज करा. वकील त्यानंतर शोधता येतो.